एच-इंडेक्स म्हणजे काय? डॉक्टरांच्या रिसर्चचं वजन मोबाईलवर असं तपासा

‘२०० रिसर्च पेपर, जगातले टॉप हार्मोन तज्ज्ञ’ असं लिहिलेलं रील तुम्हीही पाहिलं असेल. खाली डायबिटीस ‘मुळापासून’ घालवणाऱ्या पावडरची लिंक. घरात कुणाला शुगर असेल, तर ते रील फॅमिली ग्रुपवर यायला वेळ लागत नाही. अशा वेळी दावा खरा की नुसता आकडा, हे पाच मिनिटांत तपासता येतं.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला, की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. पेपर किती लिहिले यापेक्षा ते किती जणांच्या कामी आले, हे त्यातून कळतं.

पुण्याचं उदाहरण

एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे हार्मोन आणि ग्रंथींचं शास्त्र. डायबिटीस, थायरॉईड हे सगळं त्यातच येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. २००३ च्या पेपरमध्ये त्यांच्या टीमने दाखवलं, की इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं लहान असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! हा पेपर जेमतेम एका पानाचा आहे, तरी बारीक दिसणाऱ्या भारतीयांना डायबिटीस का होतो, या चर्चेत त्याचा संदर्भ आजही येतो. म्हणजे पेपरची लांबी किंवा संख्या नाही, त्यातला मुद्दा महत्त्वाचा.

एच-इंडेक्स कसा मोजतात?

ही पद्धत भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवली. समजा, एकाच्या ५ पेपरना ५०, १८, ६, ४ आणि २ सायटेशन आहेत. किमान ४ सायटेशन असलेले ४ पेपर आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्या पेपरला ५० च्या जागी ५,००० सायटेशन मिळाली, तरी आकडा ४ च राहतो! म्हणून एकट्या एच-इंडेक्सवर जाऊ नका.

मोबाईलवर असं तपासा

१. ब्राउझरमध्ये गूगल स्कॉलर उघडून नाव टाका. प्रोफाइल असेल तर एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स तिथेच दिसतो.
२. नावासोबत संस्था जुळते का बघा. एकाच नावाचे बरेच जण असतात आणि दुसऱ्याचे पेपरही चुकून प्रोफाइलमध्ये येतात.
३. लेखकांचा क्रम बघा. वैद्यकीय पेपरमध्ये बहुतेक वेळा पहिल्या नावाने मुख्य काम केलेलं असतं आणि शेवटचं नाव टीमच्या प्रमुखाचं असतं. शेकडो लेखकांच्या पेपरमध्ये मधलं नाव असेल, तर सगळं श्रेय त्या एकाचं नाही.
४. तोच पेपर पबमेडवर शोधा. पेपर मागे घेतला गेला असेल, तर तिथे तशी ठळक सूचना दिसते.

आकडा कुठे फसवतो?

१९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी उपाशीपोटीची शुगर आणि इन्सुलिन यांवरून इन्सुलिन रेझिस्टन्स मोजायची ‘होमा’ ही पद्धत दिली. ती वापरणारा प्रत्येक जण त्या पेपरचा संदर्भ देतो, म्हणून सायटेशन हजारोंनी वाढली. याउलट चुकीचा पेपर खोडून काढतानाही त्याचा संदर्भ द्यावाच लागतो, आणि तेही सायटेशनच! स्वतःच स्वतःच्या पेपरचे संदर्भ देऊनही आकडा फुगतो.

लक्षात ठेवा

सायटेशनवरून संशोधन किती वापरलं गेलं ते कळतं, डॉक्टर पेशंटला कसे तपासतात ते नाही. आणि रेकॉर्ड खरोखर भारी निघालं, तरी त्या पावडरवर एखादा पेपर आहे का, हे वेगळं शोधा. तोवर आई-बाबांच्या गोळ्या बंद करू नका. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.