पुणे विद्यापीठातील कलाजीवन

पुणे विद्यापीठातील कलाजीवन : पुणे येथील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (२०१४ पूर्वीचे नाव पुणे विद्यापीठ) व शहरातील त्याची संलग्न महाविद्यालये यांतील नाट्य, संगीत व नृत्य यांची परंपरा. विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. मात्र या कलांच्या अध्यापनासाठी ‘ललित कला केंद्र’ सुरू झाले ते १९८७ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत कलेचे पोषण प्रामुख्याने महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि शहरातील हौशी नाट्यसंस्था यांनी केले.

या परंपरेची मुळे विद्यापीठापेक्षा जुनी आहेत. गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट चे विकारविलसित (१८८३) हे भाषांतर केले, तर वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी त्याच्याच एका सुखात्मिकेवरून त्राटिका रचली. दोघेही फर्ग्युसन महाविद्यालयाचे (१८८५) प्राध्यापक. ही दोन्ही नाटके शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणून गाजविली व केळकरांनी तिच्या नटांना मार्गदर्शनही केले. वर्गातील पाठ्यग्रंथ असा थेट धंदेवाईक रंगभूमीवर गेला. गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य वास्तू त्या काळी मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होती. तेथील मेजवान्या व नृत्यसमारंभ गोऱ्या अधिकाऱ्यांचे व निवडक निमंत्रितांचे. नगरवासीयांच्या कलाजीवनाशी त्यांचा संबंध नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात नाट्याला सर्वाधिक माणसे दिली ती बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयाने, हे वरवर पाहता नवलाचे वाटेल. श्रीराम लागू, जब्बार पटेल व मोहन आगाशे हे तिघेही तेथील विद्यार्थी. अभ्यासक्रमाची दीर्घ मुदत आणि वसतिगृहातील सहवास यांमुळे तालमींना लागणारे सातत्य तेथे सहज लाभत असावे. विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल चा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी सादर केला. त्याचे दिग्दर्शन पटेल यांचे होते व नाना फडणवीसांची भूमिका आगाशे यांनी केली. नाटकावरून संस्थेत मतभेद झाले आणि बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापिली.

नव्या कलावंतांना रंगमंच मिळवून देण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचा (१९६३ पासून) वाटा मोठा आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात होते. तिचा दरारा पारितोषिकाच्या रकमेमुळे नव्हे, तर परीक्षणाच्या काटेकोरपणामुळे आहे. २०२२ मध्ये एकही एकांकिका पात्र न ठरल्याने करंडक कोणासच देण्यात आला नाही.

ललित कला केंद्राने कलाशिक्षणाला पदवीची चौकट दिली. येथे खरी अडचण उद्‌भवली. गायन किंवा कथक गुरूसमोर बसून, वर्षानुवर्षांच्या रियाझाने अंगी मुरते. विद्यापीठाचे काम मात्र सत्रे, गुण व उपस्थिती यांवर चालते. केंद्राने गुरुकुल पद्धतीला अभ्यासक्रमात स्थान देऊन हा विरोध सौम्य केला. ‘नृत्यभारती’च्या (१९४७) संस्थापिका रोहिणी भाटे यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंतांनी तेथे अध्यापन केले. घराणेदार विद्या आणि विद्यापीठीय शास्त्र यांची सांगड घालणे त्यांच्यासारख्या विदुषीमुळे सुकर झाले. महानिर्वाण (१९७४) या नाटकाचे लेखक सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते. तत्पूर्वी ते वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरीस होते. शहरातील हौशी रंगभूमी त्यांच्या रूपाने विद्यापीठात आली, असे म्हणता येईल. तथापि पदवीधराला उपजीविकेचे साधन कोणते, हा प्रश्न केंद्राला सोडविता आलेला नाही.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राच्या विद्यार्थ्यांचे, रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील वागण्यावर बेतलेले नाटक, धार्मिक भावना दुखावल्याच्या आक्षेपावरून एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. केंद्रप्रमुख व काही विद्यार्थी यांना अटक होऊन नंतर जामीन मिळाला. घाशीराम कोतवाल वरील वादंग महाविद्यालयांच्या बाहेर, नाट्यसंस्था व नागरिक यांच्यात झाले होते. या वेळी ते विद्यापीठाच्या आवारातच उद्‌भवले.