छोट्या मोटारीची मौज

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, मोटार चालविण्याचा परवाना हाती आला, म्हणजे आजकाल मध्यमवर्गीय घरांतूनही एक वाद सुरू होतो. वडिलांना गाडी हवी असते ती स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी, दुरुस्तीला सोपी. मुलांना हवी असते ती चालविताना मजा देणारी. आणि आईचे म्हणणे एवढेच, की पोर संध्याकाळी सुखरूप घरी यावे. तिघांचेही म्हणणे खरे, आणि तिघांच्या मागण्या एकाच गाडीत बसविणे हे मोठे कठीण काम. इतिहासाच्या व्याख्यानाला हा कसला विषय घेतला, असे कोणी म्हणेल. पण हा वाद आपल्या घरात नवा असला तरी जगात शंभर वर्षांचा जुना आहे, आणि त्याची उत्तरे ज्यांनी दिली त्यांची हकीकत राजेरजवाड्यांच्या हकीकतीइतकीच ऐकण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. ती हकीकत सांगताना आम्ही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहोत: गाडी स्वस्त केली खरी, पण काटकसर नेमकी कोठे केली?

पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात चला. कामगार आणि कारकून वर्गातला माणूस बायकामुलांना घेऊन बाहेर पडायचा तो मोटारसायकलला जोडलेल्या बाजूच्या डब्यातून. पाऊस आला की सगळे कुटुंब भिजायचे. त्याहून वरची पायरी म्हणजे ‘सायकलकार’ नावाची एक जात. सायकलची चाके, एकदोन सिलिंडरचे खडखडणारे इंजिन, साखळीने किंवा पट्ट्याने फिरणारी मागची चाके. तिच्यात काटकसर सगळीकडेच केलेली होती. म्हणून ती स्वस्त होती, आणि म्हणूनच ती टिकली नाही. त्यात १९२१ सालापासून सरकारने नवा कर बसविला. सिलिंडरच्या व्यासावरून अश्वशक्ती मोजायची आणि दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड घ्यायचा. अमेरिकेची फोर्ड गाडी विकत घ्यायला परवडे, पण तिच्यावर वर्षाला तेवीस पौंड कर भरायचा म्हणजे साध्या माणसाचे कंबरडेच मोडे.

याच १९२१ साली सर हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेला होता. मोठ्या गाड्या खपेनात. ऑस्टिन यांच्या डोक्यात लहान गाडीची कल्पना होती, पण संचालक मंडळ तिला राजी होईना. तेव्हा या पंचावन्न वर्षांच्या हट्टी गृहस्थाने काय करावे? कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा एक अठरा वर्षांचा नकाशे काढणारा पोरगा त्यांनी आपल्या घरी नेला, बिलियर्ड खेळण्याच्या खोलीत त्याला बसविले, आणि दोघांनी मिळून गाडी आखावयास घेतली. ज्या वयाच्या मुलाला कोणती गाडी घेऊन द्यावी याची आपण चर्चा करतो, त्याच वयाच्या मुलाने ती गाडी कागदावर उतरविली, हा योग मोठा मौजेचा खरा.

त्या खोलीत झालेला एक वाद महत्त्वाचा आहे. ऑस्टिन यांचा ओढा दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनाकडे होता. स्वस्त पडेल हा हिशेब. एजचे म्हणणे पडले, की चार सिलिंडरचेच घ्या, पण प्रत्येक सिलिंडर अगदी इवलासा करा. इंजिन गुळगुळीत चालेल, आणि खर्च फारसा वाढणार नाही. त्याने आकडे मांडून दाखविले आणि म्हाताऱ्याने ते मानले. जुलै १९२२ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ जाहीर झाली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमध्ये अंतर अवघे ६ फूट ३ इंच. इंजिन आधी ६९६ आणि लवकरच ७४७ घनसेंटिमीटरचे. वजन इतके कमी की चार धट्टीकट्टी माणसे ती उचलून बाजूला ठेवू शकत. किंमत पहिल्याने २२५ पौंड होती, ती थोड्याच काळात १६५ वर आली. तरीही तिला चार सिलिंडर होते आणि ब्रेक चारही चाकांना होते, जे त्या काळी पुष्कळ महागड्या गाड्यांनाही नसत. (ते ब्रेक फार जोरकस नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) काटकसर केली ती आकारात आणि वजनात, यंत्राच्या जातीत नाही. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या, आणि पुढे जगभर गाजलेल्या बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीची पहिली मोटारसुद्धा परवाना घेऊन बनविलेली हीच गाडी होती.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. दहापंधरा वर्षांनी या गाड्या जुन्या झाल्या, मातीमोल भावाने मिळू लागल्या, आणि तरुणांच्या हाती पडल्या. बापाने घरच्यांना फिरवून आणण्यासाठी घेतलेली गाडी मुलाने घ्यावी, वरचा सांगाडा काढून फेकावा, पत्र्याचा हलका सांगाडा बसवावा, आणि टेकडीवरच्या शर्यतीत उतरावे, असा तेथे परिपाठच पडला. न्यूझीलंडमधल्या ब्रूस मॅक्‌लारेन या मुलाचे बालपण कमरेच्या हाडाच्या दुखण्याने अंथरुणात गेले होते. वडिलांनी घरी आणलेल्या अशाच एका मोडक्या ऑस्टिनवर तो शाळकरी वयात गाडी पळवावयास शिकला. लंडनमध्ये कॉलिन चॅपमन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली ‘लोटस’ उभी केली. शर्यतीच्या जगात ही दोन नावे पुढे केवढी मोठी झाली हे सांगावयास नको. ऑस्टिन यांनी शर्यतवीर घडविण्यासाठी गाडी केली नव्हती. पण हलकी, साधी, उघडून पाहता येईल अशी वस्तू तरुण हातांत दिली म्हणजे ती केवळ वाहन राहत नाही. ती त्याची शाळा होते.

या शाळेतलाच आणखी एक विद्यार्थी म्हणजे अलेक इसिगोनिस. जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला. १९२२ च्या युद्धात ते शहर सोडावे लागले आणि आईबरोबर तो इंग्लंडला आला. गणिताच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. त्याने ऑस्टिन सेव्हन शर्यतीत पळविली, आणि एका मित्राबरोबर स्वतःच्या हातांनी एक हलकी शर्यतीची गाडी बांधली. तिच्या चाकांना पोलादी कमानींऐवजी त्याने रबराचा आधार दिला होता. हे रबर लक्षात ठेवावे.

१९५६ साली सुवेझचा कालवा इजिप्तने राष्ट्रीय मालकीचा केला, लढाई जुंपली, कालवा बंद पडला आणि इंग्लंडात डिसेंबरपासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. रस्त्यांवर जर्मनीहून आलेल्या तीनचाकी, बुडबुड्यासारख्या गाड्या दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख सर लिओनार्ड लॉर्ड यांना त्या गाड्यांचा अक्षरशः तिटकारा होता. १९५७ च्या प्रारंभी त्यांनी इसिगोनिसला फर्मावले, की चार माणसांची खरीखुरी लहान मोटार कर. अट एवढीच, की इंजिन आपल्या कारखान्यात आज तयार होते आहे तेच घे.

आता पाहा या माणसाने काटकसर कोठे केली. त्याने गाडीची लांबी १० फूट धरली आणि ठरविले, की त्यातली आठ फुटांच्या आसपास जागा माणसांची व सामानाची. उरलेल्या दोन फुटांत इंजिन बसवायचे! उभे इंजिन बसेना, तेव्हा त्याने ते आडवे फिरविले. शेजारी गिअरची पेटी मावेना, ती त्याने इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बुडविली. पुढचीच चाके ओढती केली, म्हणजे मागे जाणारा दांडा गेला आणि त्यासाठी लागणारा जमिनीतला उंचवटाही गेला. चाके १० इंचांची केली. तसले टायर तेव्हा मोटारीसाठी मिळत नव्हते, ते डनलॉप कंपनीकडून मुद्दाम करवून घेतले. आणि कमानींच्या जागी पुन्हा रबर आले, अलेक्स मोल्टन यांनी घडविलेले शंकू. त्यालाही कारण होते. रिकाम्या गाडीचे वजन सहाशे किलोच्या आसपास. चार माणसे आणि सामान बसले की त्यात जवळजवळ निम्म्याची भर. साधी कमान इतका फरक सोसताना एकदा तरी चुकते. रबर जितके दाबावे तितके ताठ होते.

यातली एकही गोष्ट मौजेसाठी केलेली नव्हती. सगळी धडपड जागा वाचविण्याची. पण परिणाम असा झाला, की चाके गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत गेली, वजन पुढच्या ओढत्या चाकांवर आले, रबराने गाडी ताठ राहिली, आणि ती वळणावर अशी धावू लागली की चालविणाऱ्याने हसावे. पहिले नमुने ताशी ९० मैलांच्या वर गेले. हे सामान्य चालकाला झेपणार नाही, असे ठरवून इंजिन ९४८ वरून ८४८ घनसेंटिमीटरवर आणले आणि वेग ७२ मैलांवर थांबविला. तरुणांच्या हाती जाणाऱ्या गाडीचा वेग कारखान्यानेच आपण होऊन कमी केल्याची उदाहरणे मोटारींच्या इतिहासात फारशी सापडत नाहीत.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ बाजारात आली. करासह किंमत ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स. उघडझाप न करता सरकवायच्या काचा, दाराच्या पोकळीत मोठे खण, रेडिओ नाही. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी तळातून आत येई, कारण पत्र्याचा सांधा उलट्या बाजूने घेतला गेला होता. इंग्लंडच्या पावसात ही केवढी फजिती! आणि ज्यांच्यासाठी गाडी केली तो कामगार वर्गही आधी फिरकेना. इतक्या कमी किमतीची ही विचित्र डबी त्याला अपमानास्पद वाटली असावी. ती प्रथम उचलली ती लंडनच्या शौकीन मंडळींनी. मग शर्यतीच्या गाड्या बनविणारे जॉन कूपर पुढे आले. इसिगोनिसला आपल्या गरीब माणसाच्या गाडीला असला शौक जोडणे पसंत नव्हते, तरी १९६१ मध्ये ‘मिनी कूपर’ निघाली. कूपर यांना दर गाडीमागे दोन पौंड मिळत. तिकडे हर्बर्ट ऑस्टिन यांनाही स्वतःच्याच कंपनीकडून दर ‘सेव्हन’मागे दोन गिनी मिळत असत. माँटे कार्लोची बर्फातली, डोंगरातली शर्यत मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही जागा तिच्याच होत्या, पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद करण्यात आले. ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची गाडी निघाली तेव्हा एकूण आकडा ५३ लाखांच्या पुढे गेला होता.

आता आपल्याकडे वळू. आडव्या इंजिनाची युक्ती इटलीच्या दान्ते जाकोसा यांनी गिअरची पेटी इंजिनाच्या टोकाला बसवून अधिक सुटसुटीत केली आणि मग ती जगभर पसरली. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीजवळ पहिली ‘मारुती ८००’ ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा तिच्या बोनेटखालीही ७९६ घनसेंटिमीटरचे आडवे इंजिनच होते, आणि ओढती चाके पुढची. कुर्ल्यात बनणाऱ्या दणकट फियाटवर हात बसलेल्या मुंबईकराला ती प्रथम खेळण्यासारखी वाटली. पण एका पिढीने गाडी चालविणे तिच्यावरच शिकले. जानेवारी २०१४ मध्ये ती बंद झाली तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक खपल्या होत्या.

आणि मग पुण्यात आखलेली ‘नॅनो’. स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे बाजूच्या डब्यात भिजणारे इंग्रज कुटुंब पाहिलेल्या ऑस्टिन यांचीच ती प्रेरणा. जानेवारी २००८ मध्ये एक लाख रुपयांच्या किमतीने जग थक्क झाले. लांबी मिनीहून जेमतेम दोन इंच अधिक, आत जागा ऐसपैस. बुद्धी तिच्यातही थोडी नव्हती. पण येथे काटकसर डोळ्यांना दिसत होती: काचेला एकच वायपर, चाकाला तीनच नट, मागचे झाकण उघडायचे नाही. आणि ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद तिला असे चिकटले, की ते दुर्दैवी ठरले असे टाटांनी स्वतःच पुढे म्हटले. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी उरलेसुरले काम केले. २०१८ मध्ये ती थांबली. पंचवीस वर्षांच्या तरुणाने नॅनो सोडून जुनी, दुसऱ्या हाताची गाडी घेतली, यात केवळ मिजास होती असे आम्ही मानत नाही.

आता आईचे म्हणणे. तेच शेवटी उरते, आणि तेच सर्वांत जड आहे. इसिगोनिसचा विश्वास असा, की चांगले ब्रेक आणि चोख स्टिअरिंग असले की चालक अपघात टाळतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या ट्रकला आपले स्टिअरिंग काय करणार? जानेवारी २०१४ मध्ये भारतातल्या पाच लहान गाड्या परदेशी प्रयोगशाळेत भिंतीवर आदळून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचांनाही एकही तारा मिळाला नाही. त्यांत नॅनो होती, मारुतीची अल्टो होती, आणि नावाजलेल्या परदेशी कंपन्यांच्या गाड्याही होत्या. म्हणजे काटकसर अशा जागी केली होती, जी दुकानात दिसत नाही. त्यानंतर आपल्याकडे नियम झाले. जुलै २०१९ पासून चालकापुढची हवेची पिशवी सक्तीची झाली, पुढे शेजारच्यासाठीही. आणि २०२३ पासून आपल्या देशाचीच आदळ-परीक्षा व ताऱ्यांची पद्धत सुरू झाली. यामुळे गाड्या थोड्या जड झाल्या, थोड्या महाग झाल्या, आणि ती जुनी चपळाई काही अंशी गेली. आमच्या मते हा सौदा करावाच.

तेव्हा गाडी पाहावयास जाल तेव्हा रेडिओ, पडदा, रंग यांची चौकशी मुलाला करू द्यावी. आपण विचारावे ते असे: तारे किती? पिशव्या किती? ब्रेक जोरात दाबला असताना चाके अडकू न देणारी योजना आहे ना? जुनी घेत असाल तर ती कोणत्या सालची, या नियमांच्या आधीची की नंतरची? आणि मग चारही माणसे आत बसवून, मुलाला चालवावयास देऊन, एक फेरी खंबाटकीच्या घाटाची करावी. हजार-बाराशे घनसेंटिमीटरचे इंजिन तिथे कमी पडते की नाही, वळणावर गाडी मुलाच्या हाताचे ऐकते की नाही, हे मागच्या बाकावर बसलेल्या आईलाही कळेल.