मेधावी (विवर)

शुक्र ग्रहाच्या दक्षिण गोलार्धातील सुमारे ३० किमी व्यासाचे आघातविवर. पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांच्या नावाने ओळखले जाते. मेधावी हे त्यांचे सासरचे आडनाव. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी १८८० मध्ये त्यांचा नोंदणी विवाह झाला. १८८२ मध्ये पती वारले. महाराष्ट्रात बाईंना या आडनावाने कोणी ओळखत नाही, म्हणून नकाशात हे विवर दिसले तरी मराठी वाचक बहुधा पुढे सरकतो.

शुक्रावर कायम दाट ढग असल्याने तिथली जमीन दुर्बिणीतून दिसत नाही. मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारच्या साहाय्याने जवळजवळ सगळा ग्रह टिपला आणि शेकडो विवरांना नावे द्यावी लागली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या संकेतानुसार २० किमीहून मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे मिळतात, लहानांना स्त्रियांची नुसती पहिली नावे. धार्मिक महत्त्वाची नावे संघ टाळतो. रमाबाईंची नोंद तिथे भारतीय लेखिका म्हणून आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) लिहिणाऱ्या बाईंबाबत ते खोटे नाही, पण फार अपुरे आहे.

त्यांचे खरे काम दौंड तालुक्यातल्या केडगावचे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी या माळावर मुक्ती सदन उभारले. मुलींना शिक्षणाबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवली. हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर इथल्याच छापखान्यात छापले गेले.

नात्यातल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. आनंदीबाईंच्या नावाचेही सुमारे ३४ किमीचे विवर शुक्रावर आहे. दोघींपैकी कोणीही खगोलाची अभ्यासक नव्हती. ग्रहवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांचा मान वेगळा : त्यांच्या रक्षेचा अंश घेऊन लूनर प्रॉस्पेक्टर यान ३१ जुलै १९९९ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळले. शुक्रावर रमाबाईंचे केवळ नाव आहे. त्यांचे निधन केडगावलाच झाले आणि त्यांची संस्था तिथे आजही चालू आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव स्थानक आहे.