अफझलखानवधाच्या नैतिकतेवरील वाद (पुणे, १८९७)

अफझलखानवधाच्या नैतिकतेवरील वाद हा छत्रपती शिवाजी महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी विजापूरचा सरदार अफझलखान यास ठार केले, ते कृत्य नीतीच्या दृष्टीने समर्थनीय ठरते काय, याविषयीचा वाद होय. जून १८९७ मध्ये पुण्यातील शिवाजी उत्सवात झालेल्या भाषणांमुळे तो विशेष गाजला. आत्मसंरक्षणासाठी बळ केव्हा व किती वापरावे, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

भेटीत पहिला वार कोणी केला, यावर या घटनेचे मूल्यमापन अवलंबून राहिले. मराठी बखरींनुसार खानाने आलिंगनाच्या वेळी महाराजांची मान दाबून शस्त्र चालविले. अंगातील चिलखतामुळे महाराज बचावले व त्यांनी प्रतिवार केला. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात मात्र महाराजांवर विश्वासघाताचा आरोप ठेवला. हाच इतिहास पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढीच्या वाचनात आला, त्यामुळे आरोपाचे खंडन करणे हा महाराष्ट्रात अभिमानाचा विषय बनला. जदुनाथ सरकार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी साधनांची छाननी करून महाराजांची कृती आत्मरक्षणाची असल्याचे मत मांडले.

१८९७ चा उत्सव

जून १८९७ मध्ये पुणे प्लेगच्या साथीतून नुकतेच सावरत होते. प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याच्या देखरेखीखाली सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांमुळे शहरात तीव्र असंतोष होता. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात प्रा. चिं. ग. भानू यांनी अफझलखानवधावर व्याख्यान दिले. बाळ गंगाधर टिळक यांनीही या विषयावर भाषण केले. उत्सवाचा वृत्तांत 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकात प्रसिद्ध झाला.

टिळकांनी आत्मरक्षणाच्या युक्तिवादावर भर दिला नाही. वध पूर्वनियोजित होता असे क्षणभर गृहीत धरले, तरीही तो दोषास्पद ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कृत्याचा निर्णय दंडसंहितेवरून किंवा स्मृतींवरून न करता गीतेच्या तत्त्वावरून करावा. फलाची आसक्ती न ठेवता, स्वार्थासाठी नव्हे तर लोकहितासाठी केलेल्या कर्माचे पाप लागत नाही, असे ते म्हणाले. घरात शिरलेल्या चोरांना हुसकावण्याचे बळ नसेल तर काय करावे, हा दृष्टान्तही त्यांनी दिला.

या मांडणीने समर्थनाचा पाया बदलला. आत्मरक्षणाच्या युक्तिवादात तत्काळ धोका हा निकष असतो व धोका टळताच अधिकार संपतो. कर्त्याचा हेतू हा निकष मानल्यास अशी काळाची मर्यादा उरत नाही, व हेतू शुद्ध आहे की नाही हे बहुधा कर्त्यालाच ठरवावे लागते.

परिणाम

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

टिळकांवर हत्येच्या कटाचा नव्हे, तर भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ खाली राजद्रोहाचा खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर नऊ ज्यूरींपैकी सहांनी त्यांना दोषी व तिघांनी निर्दोष ठरविले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

धर्मशास्त्रातील विचार

स्मृतिग्रंथांत आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन धावून येणारा, धन, भूमी किंवा स्त्री यांचे हरण करणारा अशा सहा जणांना आततायी म्हटले आहे. आततायी गुरू किंवा विद्वान ब्राह्मण असला तरी त्याला ठार करण्यास मनुस्मृती मुभा देते. मिताक्षरेने मात्र हे वचन गुरू वा ब्राह्मण यांच्या वधाची सरळ अनुज्ञा म्हणून स्वीकारलेले नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी मानूनही त्यांच्या वधाने पापच लागेल, अशी शंका काढतो.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्य' या ग्रंथात टिळकांनी हा प्रश्न पुन्हा हाताळला. अहिंसा हा श्रेष्ठ धर्म असला तरी त्यालाही अपवाद आहेत, हे त्यांनी आततायीच्या उदाहरणाने दाखविले. १९२० मध्ये 'यंग इंडिया'त गांधींशी झालेल्या मतभेदातही हाच मुद्दा होता. राजकारण हा साधूंचा नव्हे, तर व्यवहारी लोकांचा प्रांत असल्याचे टिळकांनी लिहिले. शठाशीही सत्यानेच वागावे, असे गांधींचे उत्तर होते. तथापि त्याच वर्षी गांधींनी भ्याडपणा व हिंसा यांतच निवड करायची असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असेही लिहिले.

कायद्यातील मर्यादा

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने (कलम ९६ ते १०६) खासगी संरक्षणाचा अधिकार स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीरासाठी व मालमत्तेसाठी मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. त्यांतील मुख्य मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

• शासकीय यंत्रणेचे साहाय्य घेण्यास वेळ असेल तेव्हा हा अधिकार मिळत नाही.
• संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही.
• शरीररक्षणाचा अधिकार धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो व ती असेपर्यंतच टिकतो.
• मृत्यू घडविण्याची मुभा खून, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण इत्यादी विशिष्ट प्रसंगांपुरतीच आहे. अॅसिडहल्ल्याचा समावेश २०१३ मध्ये झाला.

सद्भावनेने पण मर्यादा ओलांडून घडविलेला मृत्यू खून न मानता सदोष मनुष्यवध मानला जातो. प्रत्यक्ष हल्ल्याच्या क्षणी बळ सोन्याच्या तराजूत तोलून वापरण्याची अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. मात्र हल्ला संपल्यानंतरचा प्रहार हा सूड ठरतो.

या निकषांवर पाहता, बखरीतील वर्णन खरे मानल्यास प्रतापगडचा प्रतिवार आत्मसंरक्षणात मोडतो. १८९७ च्या भाषणातील समर्थन मात्र या चौकटीबाहेरचे आहे.