सोन्याचा बदलता रंग आणि रक्तातील प्रथिने : एका विसरलेल्या चाचणीचा इतिहास

१/१२
गर्भधारणा चाचणीच्या किंवा कोविडच्या अँटिजेन चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ पुष्कळदा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. त्या कणांवर प्रतिपिंडे, म्हणजे रक्तात आढळणारी एका प्रकारची प्रथिने, चिकटवलेली असतात. धातूचा कण आणि प्रथिन यांच्या या नात्याचा अभ्यास दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे.

२/१२
१८५७ हे साल आपल्याकडे वेगळ्या कारणाने स्मरणात आहे. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मायकेल फॅरडेने सोने आणि प्रकाश यांच्या संबंधांवर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्याने माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. यात सोने विरघळलेले नसून अत्यंत बारीक कणांच्या रूपाने तरंगत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

३/१२
या द्रवात मीठ पडताच तो निळा होई. सोन्याच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते परस्परांना दूर ठेवतात. मिठाने हे प्रतिसारण दुबळे होते, कण एकत्र गोळा होतात आणि रंग पालटतो. मात्र आधी थोडे जिलेटिन घातले, तर लाली टिकून राहते. प्रथिन धातूला वेढते आणि त्याचे रक्षण करते.

४/१२
या रक्षणाचे मोजमाप केले रिचर्ड झिग्मोंडी यांनी. व्हिएन्नात जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ येना येथील शॉट काच कारखान्यात काम करत असत. १९०१ मध्ये त्यांनी ‘सुवर्णांक’ ही कल्पना मांडली. १० घन सेंमी लाल सुवर्णद्रवात १ घन सेंमी दहा टक्के मिठाचे पाणी घातल्यावर, रंगबदल रोखण्यास जेमतेम अपुरे पडणारे पदार्थाचे मिलिग्रॅममधील वजन म्हणजे सुवर्णांक.

५/१२
अंक जितका लहान, तितका रक्षक समर्थ. जिलेटिनचा अंक ०.००५ ते ०.०१ च्या आसपास, तर बटाट्याच्या स्टार्चचा सुमारे २५. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील निरनिराळी प्रथिनेही या अंकावरून वेगळी ओळखता येऊ लागली. सोन्याचा रंग प्रथिने पारखण्याची कसोटी ठरला. पुढे कलिलांवरील कार्यासाठी झिग्मोंडींना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

६/१२
त्या काळी युरोपातील मनोरुग्णालये एका भयंकर विकाराच्या रुग्णांनी भरलेली होती. उपदंश मेंदूपर्यंत पोहोचला, की वर्षानुवर्षांनी बुद्धिभ्रंश आणि पक्षाघात होई. १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमान चाचणी आली. पाठीच्या कण्यातून सुईने द्रव काढण्याची रीत १८९१ पासून रूढ होत होती. या द्रवातून मेंदूच्या आजाराची चाहूल कशी घ्यावी, हा प्रश्न होता.

७/१२
१९१२ मध्ये बर्लिनच्या कार्ल लांगे यांनी झिग्मोंडींचे सोने या द्रवावर योजले. दहा परीक्षानळ्यांत द्रव क्रमाने निम्मा-निम्मा विरळ करायचा : पहिलीत १:१०, शेवटचीत १:५१२०. विरळ करण्यासाठी ०.४ टक्के मिठाचे पाणी. मग प्रत्येक नळीत सुवर्णद्रव घालून सुमारे दिवसभराने रंग पाहायचा. लाल म्हणजे ०, पूर्ण रंगहीन म्हणजे ५.

८/१२
प्रथिने सोन्याचे रक्षण करतात, हा तोवरचा अनुभव. निरोगी माणसाच्या द्रवाने नळ्या लालच राहत. परंतु मेंदूच्या उपदंशात पहिल्या काही नळ्यांतले सोने चक्क खाली बसे आणि ५५५५४३२१०० अशी अंकांची ओळ मिळे. मेंदूज्वरात हा बदल मधल्या किंवा पुढच्या नळ्यांत दिसे. अंकांच्या अशा ओळी पुढे कित्येक दशके रुग्णांच्या कागदपत्रांत लिहिल्या गेल्या.

९/१२
असे का घडते, हे मात्र लगेच कळले नाही. १९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने तिसेलिउस यांनी विद्युतक्षेत्रात रक्तरसातील प्रथिने वेगळी करून दाखवली. त्यानंतर चित्र स्पष्ट होत गेले. अल्ब्युमिन सोन्याच्या कणांना वेगळे राखते, तर गॅमा ग्लोब्युलिन त्यांना एकत्र आणते. उपदंशग्रस्त मेंदूच्या द्रवात गॅमा ग्लोब्युलिन वाढते आणि तोल ढळतो.

१०/१२
याचा अर्थ गंभीर होता. सोने रोग ओळखत नव्हते, ते फक्त प्रथिनांचे प्रमाण दाखवत होते. मल्टिपल स्क्लेरोसिस या अगदी निराळ्या आजारातही पुष्कळदा तशीच ओळ मिळे. उपदंश हा चारित्र्यावरचा डाग मानला जाई, त्या काळात केवळ या नळ्यांवर विसंबणे रुग्णावर अन्याय करणारे ठरले असते. म्हणून ही ओळ वासरमान चाचणी आणि रुग्णाची लक्षणे यांच्यासह वाचणे आवश्यक होते. १९४३ पासून पेनिसिलिनने उपदंशाला आवर घातला. प्रथिने थेट मोजण्याच्या पद्धती आल्या आणि लांगेंची चाचणी मागे पडली.

११/१२
नाते मात्र संपले नाही. डच कवी आणि रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमान यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की पृष्ठभागावर आधी बसलेल्या प्रथिनाची जागा पुढे दुसरे प्रथिन घेते. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी सोन्याच्या कणांवर प्रतिपिंडे बसवून त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खूण म्हणून वापरले. पट्टीवरची लाल रेघ याच युक्तीची वंशज.

१२/१२
२००७ मध्ये लुंड आणि डब्लिन येथील संशोधकांनी नॅनोकणांभोवतीच्या या बदलत्या आवरणाला ‘प्रथिनांचा मुकुट’ म्हणून अभ्यासले. त्यांचे कण बहुवारिकाचे होते, तरी कल्पना धातूंनाही लागू पडली. रक्तात शिरलेल्या कणाची शरीराशी पहिली ओळख होते ती या आवरणातून. त्यामुळे नॅनोकणांतून औषध देऊ पाहणाऱ्यांना आजही आधी हाच प्रश्न सोडवावा लागतो : कणावर कोणते प्रथिन बसले आहे आणि ते किती काळ टिकेल? फॅरडेच्या द्रवाच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जतन केलेल्या आहेत. त्यांतले सोने अजून लाल आहे.