नळीला नळी जोडताना

यावलच्या केळीबागेत पाइप आखूड पडला की त्याला दुसरा जोडतात. बागेच्या नळीचीच उपमा देऊन बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली सुचवले, की प्रोग्रामही असे जोडता यावेत. केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये ती सोय केली.

युनिक्सच्याच कुळातल्या फ्रीबीएसडीचा प्रोग्रामसंग्रह १९९४ साली सुरू झाला. त्यात प्रोग्रामचे कपाट एकच, वर्ग मात्र अनेक असू शकतात. केळीचेच पाहा ना: बाजारात फळझाड, वनस्पतिशास्त्रात झाड नव्हेच! नुसती कपाटे धुंडाळली तर काही प्रोग्राम निसटतात. त्यापेक्षा सूचीच्या फाइलीतून 'कट'ने नावाचा पहिला आणि वर्गांचा सातवा रकाना काढावा, नळी जोडून 'ग्रेप'ने हवा तो वर्ग गाळावा. या आज्ञा फाइलीत लिहिल्या की झाली शेल स्क्रिप्ट. शाळेच्या पुस्तकांची यादी अशीच रकान्यांत असेल, तर रकान्यांचे आकडे तेवढे बदला.