झिजणारी पाटी

आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते केव्हाच अंगणात तुळशीपाशी जाऊन पडले होते, पण ओव्या तोंडात होत्या. तीन वर्षांमागे दिवाळीच्या सुटीत मी तिला ओसरीवर बसवले, मोबाइल पुढे ठेवला आणि दोन दुपारी त्या ओव्या भरून घेतल्या. मोबाइलात जागा नव्हती म्हणून नखाएवढे एक मेमरी कार्ड त्यात घातले. हे कार्ड शाळेच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यातून निघालेले. तिथे त्याने काही वर्षे रात्रंदिवस नोकरी केली होती. भरले की जुने पुसायचे आणि वर नवे लिहायचे. शाळेने मोठे कार्ड घेतले तेव्हा ते माझ्याकडे आले. मास्तर माणूस चालती वस्तू टाकून देत नाही.

पुढे आई गेली. वर्षश्राद्धाला सगळे जमले म्हणून मी पेटीतून कार्ड काढून लावले, तर त्यात काहीच नव्हते. जालन्याच्या दुरुस्तीवाल्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, लिहून लिहून झिजलंय हे."

लिहून बोरू झिजतो, खडू झिजतो, मास्तरही झिजतो. पण पाटी झिजते? माझे विज्ञान दहावीपाशी थांबलेले. तरी त्या एका वाक्याने मला वर्षभर वाचायला लावले.

या पाटीवर अक्षर नसते, विजेचा भार असतो. १९६७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी एक युक्ती काढली. चारी बाजूंनी वीज अडवणाऱ्या थराने लिंपलेली एक अतिसूक्ष्म कणगी करायची आणि तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज बंद केली तरी ते आतच राहतात. कणगी भरलेली की रिकामी, यावरून एक किंवा शून्य वाचायचे. मौज अशी की या कणगीला दार नाही. दाणा आत घालायचा तो भिंतीतून दाबून, काढायचा तोही भिंतीतूनच ओढून. दर खेपेला भिंतीत बारीकसा दोष राहतो आणि हजारो खेपांनंतर ती गळू लागते.

जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी एकेक कणगी न पुसता सबंध कप्पाच्या कप्पा एका झटक्यात पुसण्याची तऱ्हा शोधली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. कार्डांत जी चालते ती तिची नँड ही जात १९८७ ची. त्या झटक्यावरून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून या स्मृतीला 'फ्लॅश' हे नाव पडले. सोय मोठी झाली, पण अडचणही तेवढीच मोठी. एक अक्षर बदलायचे तर सगळा कप्पा पुसावा लागणार! आणि पुसण्याला हिशेब आहे. कणगीत एकच बिट ठेवणारी दणकट जात सुमारे लाखभर वेळा पुसणे सोसते. तीन बिट कोंबलेली स्वस्त जात एक ते तीन हजार वेळा. त्यातून सतत बदलणारी यादी एकाच कप्प्यात ठेवली, तर तो कप्पा थोड्याच दिवसांत मरायचा आणि बाकीचे कोरेच राहायचे. एकच बैल रोज औताला जुंपावा आणि बाकीच्यांनी गोठ्यात रवंथ करावा, तशातली गत.

यावरचा उपाय वाचला तेव्हा मला वडील आठवले. ते जालन्याच्या मोंढ्यात मुनीम होते. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर स्वस्तिक काढताना ते आम्हाला बजावत, रोजकीर्दीत खोडायचे नाही. चुकले तर चुकलेले तसेच ठेवून पुढल्या ओळीत उलट नोंद करायची. कुणाकडे किती, हे खतावणीत बघायचे. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी संगणकाची तबकडी अशीच रोजकीर्दीसारखी लिहावी असे सुचवले. जागच्या जागी काही बदलायचे नाही, पुढे लिहीत जायचे आणि ताजे कुठे आहे त्याची खतावणी ठेवायची. त्यांचा हेतू झिजेचा नव्हता, वेगाचा होता. पण फ्लॅशला ही रीत अंगरख्यासारखी बसली.

स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९९ साली लिनक्ससाठी तशी व्यवस्था केली. कप्प्यांचे रिंगण करायचे, पुढच्या टोकाला लिहीत जायचे आणि मागच्या टोकाचा सर्वांत जुना कप्पा पुसायचा. झीज अगदी सारखी. मात्र जे कधीच बदलत नाही तेही दर फेरीला उचलून पुन्हा लिहावे लागे, म्हणजे फुकटची झीज. २००१ साली डेव्हिड वुडहाउस यांनी त्यात सुधारणा केली. शंभरातून नव्याण्णव वेळा रद्द मजकुराचा कप्पा पुसायला घ्यायचा आणि एकदा मात्र मुद्दाम असा, ज्यात सगळे चालू आहे. का, तर स्वस्थ बसून राहिलेल्यालाही पाळी यावी! वर्गात फळा पुसण्याच्या पाळ्या लावताना मला हे शहाणपण सुचले नव्हते.

आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनाच्या रीतीला दिला आहे. पानाच्या चहूकडे जागा सोडा आणि मजकूर मध्ये लिहा, कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये, असे ते सांगतात. फ्लॅशचे कारखानदारही सांगितलेल्या मापापेक्षा जास्त कप्पे आत राखून ठेवतात. एक निकामी झाला की राखीवातला त्याच्या जागी येतो.

पण पोथीची कड झडताना डोळ्यांना दिसते, हात आपोआप नक्कल करायला घेतो. कार्डाचे तसे नाही. मला मेख सापडली ती इथे. झीज वाटून दिल्याने कोणत्याही कणगीचे आयुष्य वाढत नाही. सगळ्या एकदम म्हाताऱ्या होतात एवढेच. कॅमेऱ्यातून निघालेले माझे कार्ड बाहेरून ठणठणीत होते आणि आतून त्याच्या सगळ्याच भिंती सारख्या थकल्या होत्या. नव्या भिंती कोंडलेला भार वर्षानुवर्षे धरून ठेवतात. थकलेल्यांना तेवढा दम नसतो. आईचा आवाज मी अशा कणग्यांत भरला आणि पेटीत ठेवून दिला. दोन वर्षांत तो पाझरून गेला असावा. दोष कुणाला द्यायचा? कार्ड मीच निवडले होते, आणि दुसरी प्रत करून ठेवायला मला पाच मिनिटे लागली नसती.

आता दर रविवारी अंबडला मावशीकडे जातो. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणते, मी नव्या कार्डावर घेतो, घरी येऊन दुसरीकडे उतरवतो आणि शिवाय लांब वहीत चारी बाजूंना समास सोडून लिहितो. त्रेसष्ट झाल्या. काही ओव्यांत मावशी एक शब्द घालते आणि मला वाटते, आई दुसरा घालत असे. तो नेमका आठवत नाही. तिथे खाली एक ओळ कोरी ठेवली आहे.